शिलाई युनिटमध्ये एर्गोनॉमिक्सवाले बोलावले: पाचपैकी साडेतीन स्टार

आधी माझा मूर्खपणा सांगते. दोन वर्षांपूर्वी बायकांची पाठ दुखते म्हणून मी कुणालाही न विचारता सहा ऑफिस खुर्च्या आणल्या. चाकं, हात, सगळं असलेल्या, चांगल्या महाग. पायडल दाबलं की खुर्ची मागं पळायची, हात टेबलाला अडायचे. चौथ्या दिवशी सगळ्या जणी परत लाकडी स्टुलावर, खाली टॉवेलची घडी घालून. मला कुणी चकार शब्द बोललं नाही. खुर्च्या तेवढ्या गुपचूप कोपऱ्यात गेल्या.

म्हणून यंदा सीझन संपल्यावर पुण्याच्या एका छोट्या, दोघांच्या एर्गोनॉमिक्स फर्मला, म्हणजे कामाची जागा माणसाच्या अंगाला सोसेल अशी लावून देणाऱ्यांना, बोलावलं. (खाली तक्रारही आहे, म्हणून नाव देत नाही.) तीन भेटींचे २८ हजार, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. आमचं युनिट सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत, शाळेचे युनिफॉर्म, २२ मशिनी. शिवणाऱ्या बहुतेक जणी घरी तेलुगू बोलणाऱ्या, निम्म्या पूर्वी विड्या वळायच्या. कण्हायची सवय कुणालाच नाही.

पहिल्या दिवशी फर्मच्या मॅडमनी माणसाच्या शरीराचं मोठं चित्र भिंतीला लावलं आणि लाल स्टिकर वाटले. जिथं दुखतं तिथं चिकटवा. चित्र लावलं होतं माझ्या केबिनच्या काचेसमोर. संध्याकाळपर्यंत तीन स्टिकर, तिन्ही डोक्यावर! दुसऱ्या दिवशी त्यांनी चित्र जेवायच्या खोलीत हलवलं आणि मला सरळ सांगितलं, ‘ताई, दोन वाजेपर्यंत तुम्ही इकडं यायचं नाही.’ दोनला गेले तर स्टिकर संपून कपाळाच्या टिकल्या लावलेल्या. मान, खांदे होतेच, पण सगळ्यात लाल झाला होता उजवा गुडघा, बाहेरच्या बाजूनं.

कारण आमच्याकडं रोजचं आहे, म्हणून कधी दिसलंच नव्हतं. मशिनचं फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, उचलायला टेबलाखाली एक लिव्हर असतो, तो उजव्या गुडघ्यानं बाजूला ढकलायचा. एका पँटला किती वेळा ते मोजलं, चाळिसाच्या वर गेलं. लिव्हरवरचं रबर झिजून खाली पत्रा उघडा. तो लिव्हर एक बोल्ट सैल करून सरकवता येतो. पण मशिन बसवायला आलेल्या फिटरनं ठेवला तिथंच तो सात वर्षं होता, शिवणारी पावणेपाच फुटांची असो नाहीतर साडेपाच. तिसऱ्या लाइनीतल्या एका अक्कांनी त्याला जुन्या चादरीचा तुकडा गुंडाळला होता. पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, माल बघायला येणार म्हणून मीच तो काढायला लावला होता. हे अक्कांनी सगळ्यांसमोर सांगितलं, आणि मी मान खाली घालून ऐकलं.

आता प्रत्येक लाइनीत एकीकडं पाना असतो. लिव्हर, पायडलचा कोन, टेबलाचे पाय आपापल्या उंचीनं लावून घेतात. लिव्हरला चादरीच्या पट्ट्या, अक्कांच्याच डिझाइननं. खर्च जवळपास शून्य.

दुसरी गोष्ट बंडलची. ६० पँटींचा गठ्ठा हेल्पर पोरगा जमिनीवरून उचलायचा. वजन केलं, २४ किलो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या वजन उचलण्याच्या सूत्रात सगळं अनुकूल असेल तरच २३ किलोपर्यंत. जमिनीवरून, वाकून, अंग वळवून उचलायचं तर त्याहून बरंच कमी. आता ३० चा गठ्ठा, आणि तो कमरेच्या उंचीच्या ट्रॉलीवर. ट्रॉलीची उंची त्या पोरानंच ठरवली.

आता तक्रार. आमच्याकडं पीस रेट आहे, जितके नग शिवले तितकी मजुरी. नवीन उंचीवर हात बसेपर्यंत पीस कमी निघतात, म्हणजे प्रयोगाचे पैसे शिवणाऱ्या बाईच्या खिशातून जातात. हे त्या फर्मनं आधी सांगायलाच हवं होतं. पहिल्या आठवड्यात सात-आठ जणींनी टेबलं गुपचूप जुन्या उंचीवर आणली, तेव्हा मला कळलं. मग मागच्या महिन्याची सरासरी काढून दोन आठवडे तेवढी मजुरी पक्की केली. मीटिंगचा अर्धा तासही भरपगारी केला. त्यानंतर सूचना यायला लागल्या, त्याआधी नुसतं ‘हो ताई, बरंय ताई’.

दुसरं म्हणजे रिपोर्ट. ४० पानं, इंग्रजीत, वर लॅपटॉपपुढं बसलेल्या माणसांचे फोटो! मराठीत मागितला तर तीन आठवडे लागले.

आणि कटिंग मास्तर राहूनच गेले. दिवसभर उभे, टेबल त्यांना ठेंगणं. पहिल्या भेटीत मास्तर ‘मला काही होत नाही’ म्हणाले आणि फर्मनं ते लिहून घेतलं, संपलं. खाली लाकडी ठोकळे शेवटी मीच लावले. आणि चेकिंगच्या मुलींना स्टूलसुद्धा. उभ्यानं काम करणाऱ्यांना बसायची सोय हवी असं १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला) ४४ व्या कलमात लिहिलं होतं, हे त्याच रिपोर्टात ३१ व्या पानावर होतं. पान एकवर पाहिजे होतं.

बोलवायचं तर सीझनमध्ये, फेब्रुवारी ते जूनमध्ये, बोलवू नका. आणि स्टिकर वाटतील तेव्हा मालकानं बाहेर चहा प्यायला जावं.

त्या सहा खुर्च्यांची चाकं आणि हात काढले, आता चार वापरात आहेत. चाकं डब्यात पडून आहेत, कुणाला हवी असतील तर घेऊन जा.