फोनवरच एआय चित्र काढायचं, तर उभं-आडवं माप कसं साधायचं?

व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ९:१६, दुकानाच्या सहा बाय तीन फुटी फ्लेक्सला २:१. नाशिकमधल्या कुठल्याही छोट्या डिझाइनवाल्याला ही दोन्ही मापं लागतात. चित्र नेटशिवाय फोनवरच काढायचं तर मॉडेल बहुधा स्टेबल डिफ्यूजन १.५ असतं, आणि ते ५१२×५१२ च्या चौरसावर शिकलेलं आहे.

त्यातून हवं ते माप साधायच्या चार वाटा आहेत. पहिली, चौरस काढून कापणं. सगळ्यांत जलद, मेमरीही कमी. पण ९:१६ कापल्यावर हाती २८८×५१२ उरतं. ४४ टक्के चित्र गेलं. स्टेटसच्या १०८०×१९२० पर्यंत न्यायला पावणेचारपट ताणावं लागतं, आणि द्राक्षाचे मणी प्लॅस्टिकचे दिसू लागतात. फक्त डीपी आणि चौकोनी पोस्ट करायच्या असतील तर मात्र हेच पुरे.

चौरसाच्या वर-खाली चित्र वाढवणं, म्हणजे आउटपेंटिंग. रामकुंडाचं आकाश आणि पाणी छान वाढतं. घाटाच्या पायऱ्यांची रेष मात्र सांध्यावर तुटते. नवा भाग जुन्यावर निदान ६४ पिक्सेल चढवा आणि मास्कची (नव्याने काढायचा भाग दाखवणाऱ्या पट्ट्याची) कड मऊ ठेवा. वर एकदा, खाली एकदा असं पुन्हा काढावं लागत असल्याने वेळ दुप्पट-तिप्पट लागतो.

थेट हवं ते माप देणं. ऐकायला सोपं, फोनवर सगळ्यांत त्रासाचं. ५१२×१०२४ मध्ये एक साधू मागा, एकावर एक दोन येतील, कारण खालचा अर्धा भाग मॉडेलला नवं चित्र वाटतो. नेमक्या ९:१६ साठी उंची ९१० येते. तिला आठने भाग जात नाही, मग अ‍ॅप गुपचूप आकडा बदलतं किंवा एरर देतं. ६४ च्या पटीतच राहा. शिवाय ५१२×७६८ ला लेटंटचे, म्हणजे मॉडेल आत ज्यावर काम करतं त्या दोन्ही बाजूंनी आठपट लहान चित्राचे, ठिपके ४०९६ वरून ६१४४ होतात. दीडपट ठिपके, पण अटेन्शनचं, म्हणजे प्रत्येक ठिपका बाकी सगळ्यांशी ताडण्याचं, काम सव्वादोनपट. एनपीयूला, म्हणजे फोनमधल्या एआयच्या खास चिपला, ठरलेलं माप लागतं, त्यामुळे बदलत्या मापाचं काम बहुतेकदा जीपीयूवर (ग्राफिक्सच्या चिपवर) जातं आणि फोन तापतो.

मापागणिक वेगळं मॉडेल, म्हणजे त्याच मॉडेलची ठरल्या मापाची वेगळी प्रत. आमचा कौल याला. ५१२×७६८ आणि ७६८×५१२ अशी दोन पुरतात. आयफोनसाठी अ‍ॅपलच्या कन्व्हर्जन टूलमध्ये (मॉडेल आयफोनजोगं करणाऱ्या साधनात) उभ्या मापाला लेटंटची उंची ९६, रुंदी ६४ द्यायची; हे मॅकवर करावं लागतं. यूनेटबरोबर (चित्र घडवणारा मुख्य भाग) व्हीएई डीकोडरही (लेटंटचं खरं चित्र करणारा भाग) त्याच मापात बदला, आणि चित्रावरून चित्र काढणार असाल तर उलटं काम करणारा एन्कोडरही. डीकोडर राहिला की सगळ्या स्टेप्स पूर्ण होऊन अगदी शेवटी गाडी अडते. किंमत जागेची: १६ बिटमधलं यूनेट सुमारे १.७ जीबी, ६ बिटमध्ये (मॉडेलमधले आकडे कमी जागेत दाबून) साधारण ६५० एमबी, आणि तेही प्रत्येक मापाला.

फायदा कापताना कळतो. ५१२×७६८ मधून ४३२×७६८ काढलं की नेमकं ९:१६. फक्त १६ टक्के गेलं, आणि बरोबर अडीचपट केलं की १०८०×१९२०.

लॅपटॉप असेल तर एसडीएक्सएल, म्हणजे स्टेबल डिफ्यूजनचं मोठं मॉडेल, बघा. ते वेगवेगळ्या मापांवर शिकलेलं आहे. ७६८×१३४४ काढून रुंदीतले १२ पिक्सेल छाटले की ९:१६ तयार. फोनवर त्याचा भार सहसा झेपत नाही.

फ्लेक्ससाठी ७६८×५१२ मधल्या १२८ ओळी कापायच्या असतात. त्या आकाशातून जाव्यात म्हणून डोक्यावर मोकळी जागा राहील असं प्रॉम्प्टमध्येच (मॉडेलला लिहून द्यायच्या सूचनेत) मागा, आणि एक बाजू रिकामी ठेवा. दुकानाचं नाव तिथे कोरलड्रॉमध्ये टाइप करा. हे मॉडेल देवनागरीच्या नावाखाली नुसत्या वेलांट्या काढतं.