संत्र्याच्या रसाचा इलेक्ट्रिक गंज: वायर जोडायला कोणता कनेक्टर घ्यावा?

आंबिया बहाराचा संत्रा बाजारात आला की दोन-तीन जण तरी विचारतातच, भाऊ, घरी रस बाटल्यांत भरायचा आहे, बाटल्या तापवायला स्टीलच्या २० लिटरच्या गंजाला (उभ्या पातेल्याला) एलिमेंट, म्हणजे पाणी तापवायची कॉइल, बसवून घेतला, आता वायर कशी जोडू? काँबुचावाले (आंबवलेला चहा करणारे) पण हेच विचारून राहिले. (बिअरचा विचार असेल तर वायरच्या आधी एक्साइजच्या लायसनचं बघा, घरी करायलाही लागतं.) एलिमेंट चांगला घेतात अन् कनेक्टर मात्र अडगळीत शोधतात. मीही तेच केलं होतं.

जुन्या कॉम्प्युटरची केबल होती, गंजाला तिचा सॉकेट बसवला, एलिमेंट ३००० वॉटचा. पहिले दोन-तीन वेळा मस्त चाललं, मग एक दिवस जळक्या प्लास्टिकचा वास. स्विच बंद करून केबल ओढली तर निघेचना, पक्कडीने हलवत हलवत काढली तेव्हा फेजचं भोक तपकिरी होऊन वितळलेलं अन् पिन काळी ठिक्कर. एमसीबी (जास्त करंट गेला की पडते ती) पडली नव्हती, आरसीसीबी (करंट लीक झाला की पडते ती) पण नाही. पडणार काहून? करंट एमसीबीच्या हिशोबाने बरोबरच होता अन् लीकेज काहीच नव्हतं. ढिल्या पिनेची गरमी या दोघींनाही दिसत नाही.

हिशोब सोपा आहे. ३००० भागिले २३० म्हणजे १३ अँपिअर. तो कॉम्प्युटरवाला कनेक्टर, सी१३ म्हणतात त्याला, १० अँपिअरचा, अन् केबल बहुतेक वेळा ०.७५ एमएमची. पिन जराशी ढिली होऊन ०.०५ ओहम जरी रेझिस्टन्स आला तरी १३ गुणिले १३ गुणिले ०.०५, म्हणजे साडेआठ वॉट त्या एवढ्याशा पिनेवर. वरून रात्री व्होल्टेज २४५ झालं की करंट १४ च्या जवळ जातो. अन् आपल्या नागपुरात मे महिन्यात हवाच ४५ डिग्री, तिथे प्लग गार व्हायला जागा कुठे आहे.

म्हणून माझं मत, कनेक्टरमध्ये पैसे वाचवायचे असतील तर आधी एलिमेंट छोटा घ्या. २० लिटर पाणी ३० वरून ९५ डिग्रीला न्यायला ३००० वॉटला अर्धा तास, २००० ला पाऊण तास, १५०० ला एक तास, प्रत्येकात थोडं वरखाली धरा. बाटल्या गरम पाण्यात ठेवायच्या तर इतकंही तापवावं लागत नाही. (रस डायरेक्ट एलिमेंटवर उकळू नका, गर चिकटून करपतो, अन् संत्रा तापवला की कडवट होतो ते वेगळंच.) १५ मिनिटांसाठी दुप्पट खटपट मला तरी परवडत नाही.

१५०० वॉटला साडेसहा अँपिअर, २००० ला पावणेनऊ. इथे सी१३ चालतो, पण त्याच्यासारखाच दिसणारा अन् एक खाच असलेला सी१५ मिळाला तर तोच घ्या. सी१३ ची पिन ७० डिग्रीपर्यंतची, सी१५ ची १२० पर्यंतची, गरम भांड्यासाठीच बनवलाय तो. केबल १ एमएमची, तांब्याची, अन् भिंतीकडे १६ अँपिअरचा प्लग.

३००० वॉटच पाहिजे तर सी१९ आहे, सर्व्हर-यूपीएसवाला, १६ अँपिअरचा. काढता-घालता येतो, गंज धुवायला बरं. पण पिन ७० डिग्रीचीच, म्हणून गंजाच्या पत्र्यावर थेट बसवला तर ९५ डिग्रीचा पत्रा त्याला शेकत राहतो. थोडा दूर डबीत बसवावा लागतो, ती डबी अन् तिचं अर्थिंग हे काम वाढतं.

मी आता वापरतो तो उपाय सगळ्यात गावठी आहे, गंजाकडे कनेक्टरच नाही. एलिमेंटला लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) क्रिम्प करून, म्हणजे दाबून बसवून, २.५ एमएमची तीन कोअर केबल ग्लँडमधून (केबल घट्ट धरणाऱ्या बुचातून) बाहेर, अर्थची वायर गंजाच्या बॉडीला नटबोल्टने, अन् दुसऱ्या टोकाला १६ चा चांगला जड प्लग टॉप. धुताना केबल गुंडाळून कडेवर घ्यावी लागते, बायको म्हणते लेकरू आहे का हे. पण जळायची जागा एकच राहिली, तीही भिंतीजवळ, डोळ्यासमोर.

भिंतीकडे काय? ६ अन् १६ दोन्ही प्लग जाणारे कॉम्बो सॉकेट टाळा, १६ ची पिन त्यात मला कधी घट्ट वाटलीच नाही. एसी बॉक्स, म्हणजे मेटल क्लॅड प्लग अन् एमसीबी एकाच डब्यात, कोरड्या खोलीत फार छान, मागे ४ एमएमची वायर असली तर उत्तमच. ओट्याजवळ किंवा अंगणात पाणी उडत असेल तर निळा इंडस्ट्रियल प्लग, १६ अँपिअरचा, झाकणवाला, आयपी४४, म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसणारा. महाग जातो पण पिना जाड, पकड घट्ट. एक लक्षात ठेवा, भोकांचं टोक नेहमी सप्लायकडे, पिनांचं गंजाकडे, उलटं केलं तर उघड्या पिनांवर २३० व्होल्ट.

डीजेवाले वापरतात तो फिरवून लॉक होणारा पॉवरकॉन पण काही जण सुचवतात. ओरिजिनल २० अँपिअरचा आहे, पण चालू लोडवर काढायचा नसतो, अन् घाईत आपण नेमकं तेच करतो. १६ चा प्लग ६ च्या सॉकेटात घालायचा कन्व्हर्टर अन् एक्स्टेंशन बोर्ड, यांची तर तुलनाच करत नाही.

काहीही लावलं तरी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी पाहिजे, अन् पहिल्या खेपेला १५ मिनिटांनी स्विच बंद करून, प्लग काढून पिनांना हात लावून पाहा. कोमट ठीक, चटका बसला तर प्लगचा स्क्रू नाही तं सॉकेट ढिला आहे. सीताबर्डीच्या बाजारात दुकानदार विचारेल, सहाचा देऊ की सोळाचा, त्याला सरळ एलिमेंटचे वॉट सांगा.