ढोल-ताशाचे फोटो: अॅपर्चर प्रायॉरिटी की शटर प्रायॉरिटी?

विसर्जन मिरवणुकीत पहिल्यांदा कॅमेरा घेऊन उतरणार असाल, तर ऑटोवरची डायल कुठे न्यायची, हे घरीच ठरवून निघा. अॅपर्चर प्रायॉरिटी आणि शटर प्रायॉरिटी हे दोन मोड म्हणजे निकॉन, सोनीवर ए आणि एस, कॅननवर एव्ही आणि टीव्ही. पहिल्यात अॅपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा लहान तेवढं ते मोठं) तुमच्या हाती, शटर (उजेड किती वेळ आत येतो) कॅमेऱ्याकडे, दुसऱ्यात उलट.

पथक वाजवत असेल तर मी शटर प्रायॉरिटीच लावतो. समजा, संध्याकाळच्या उजेडात किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) एफ/५.६ वर आहे, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ४०० आणि शटर १/६० सेकंद. अॅपर्चर प्रायॉरिटीत कॅमेरा एवढंच देऊन मोकळा होतो. फोटोचा उजेड बरोबर, पण ताशाच्या काड्या गायब आणि कमरेला ढोल बांधून उसळणाऱ्या पोराचा चेहरा हललेला. तो पकडायला १/५०० तरी लागतं. म्हणजे तीन स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा), उजेड आठपट कमी. झूम केलेली किट लेन्स ५.६ च्या पुढे उघडत नाही, म्हणून सगळा भार आयएसओवर: ४०० चं ३२००. यासाठी ऑटो आयएसओ चालू हवंच. माझ्या पहिल्या वर्षी ते बंद होतं. अॅपर्चरचा आकडा लुकलुकत राहिला, मी पाहिलंच नाही, आणि अख्खं पथक अंधारात गेलं. ३२०० ला दाणे दिसतात, दिसू देत. हललेला चेहरा मात्र दुरुस्त होत नाही.

५० एमएम एफ/१.८ जवळ असेल तर गणित बदलतं. एफ/२ वर तेच १/५०० आयएसओ ४०० मध्येच मिळतं, मग अॅपर्चर प्रायॉरिटी लावा खुशाल. फक्त जवळून घेताना वादक ताईंचे डोळे स्पष्ट येतील आणि मागची रांग विरघळेल. एकटीच्या फोटोला ते सुंदर दिसतं, रांगेच्या फोटोला नाही. सकाळी फेटे बांधतानाचे, रांगोळीचे निवांत फोटोही याच मोडवर.

पांढऱ्या झब्ब्यांपुढे दोन्ही मोड सारखेच फसतात. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सगळ्याला मध्यम करडं धरतो, झब्बे राखाडी येतात, फेट्याखालचे चेहरे काळवंडतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशोबापेक्षा फोटो उजळ किंवा गडद करायची सोय) +०.७ ते +१ करा.

अंधार पडला की शटर प्रायॉरिटीवरच मुद्दाम १/३० ला या आणि ध्वज नाचवणाऱ्यासमोर उभे राहा. दहातले आठ फोटो वाया जातील. एखाद्यात मात्र चेहरा स्थिर सापडतो आणि डोक्यावर भगव्याचा नुसता झोत.