नुसता ट्रायपॉड की स्टार ट्रॅकर?
मुंबईजवळच्या वांगणीला आकाशगंगेचे फोटो काढायला जाताय तर पहिला प्रश्न हाच. ट्रायपॉडवर २४ एमएम लेन्सने शटर फार तर २० सेकंद उघडं ठेवता येतं (५०० ला फोकल लेंथने, म्हणजे इथे २४ ने, भागायचं), त्यापुढे तारे लांबट होतात, पण सेटअप पाच मिनिटांत होतो आणि ढग आले की लगेच गुंडाळता येतं. ट्रॅकर आकाशाबरोबर कॅमेरा फिरवतो म्हणून दोन-दोन मिनिटांचे फोटो निघतात, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) कमी ठेवता येतो, नॉइज म्हणजे फोटोतला दाणेदारपणा घटतो, फक्त त्याला ध्रुवाकडे नीट रोखावं लागतं आणि आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर, एखादी टेकडी आडवी आली की संपलंच, त्यामुळे उत्तर दिशा उजेडातच बघून ठेवा. मला विचाराल तर पहिला सीझन ट्रायपॉडच, पण १३५ एमएमने मृगातला तेजोमेघ काढायचाय तर ट्रॅकरच घ्या.