किगालीचा गोरिला परवाना: ४ लाख ८ हजार ४०० रुपये पाण्यात

रक्कम आधीच सांगून टाकतो. रवांडात गोरिला बघायला निघालेल्या आम्हा चौघांचे मिळून ४,०८,४०० रुपये एका ठगाने लुबाडले. त्यातले ३,८६,४०० गोरिला ट्रेकिंगच्या परवान्यांचे आणि २२,००० व्हिसाचे. दुसरा आकडा लहान असला तरी लाज त्याचीच जास्त वाटते, कारण तो व्हिसा फुकट असतो. रवांडा २००९ पासून राष्ट्रकुलात आहे आणि राष्ट्रकुलातल्या नागरिकांना ३० दिवसांचा व्हिसा किगाली विमानतळावर उतरल्यावर शुल्क न घेता देतात. जाण्याआधी त्यांच्या इमिग्रेशनच्या साइटवर एकदा बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. आम्ही माणशी ५,५०० मोजून 'अप्रूव्हल लेटर' घेतलं होतं. काउंटरवरच्या बाईंनी ते न वाचताच परत सरकवलं आणि पासपोर्टवर शिक्का मारला. पोटात गोळा यायचा तो तिथेच यायला हवा होता. आम्ही मात्र 'बघा, लेटरमुळे किती पटकन झालं' म्हणत सामानाच्या पट्ट्याकडे गेलो.

ठगाची पद्धत नेहमीचीच. व्हॉट्सॲप, अस्खलित मराठी बोलणारा माणूस, 'किगालीत आपलंच ऑफिस आहे', आधी जाऊन आलेल्यांचे हसरे फोटो. त्यात नवीन काही नाही, त्यामुळे ते लांबवत नाही.

दराचं मात्र नीट सांगायला हवं, कारण मासा गळाला लागला तो तिथे. गोरिला राहतात त्या रवांडातल्या व्होल्कॅनोज नॅशनल पार्कचा परवाना परदेशी माणसाला १५०० डॉलरला पडतो. २०१७ मध्ये तो ७५० वरून थेट दुप्पट केला. या माणसाने ११५० सांगितला. कारण काय, तर 'ग्रुप कोटा'. आता म्हणाल, एवढंही कळू नये? पण आफ्रिकेत राहणाऱ्या परदेशी लोकांना खरोखरच कमी दर आहे, आणि शेजारच्या युगांडात हाच प्रकार रवांडापेक्षा बराच स्वस्त आहे. त्यामुळे ११५० हा आकडा अगदीच हवेतला वाटला नाही. कमी दर पासपोर्ट आणि रहिवासाचे कागद बघून देतात, 'ओळखीवर' देत नाहीत, हे तेव्हा कुणी विचारात घेतलं नाही.

११५० गुणिले चार म्हणजे ४,६०० डॉलर, ८४ च्या भावाने ३,८६,४०० रुपये. दोन हप्ते, प्रत्येकी १,९३,२००. पैसे भारतातल्याच एका चालू खात्यावर, आणि खात्याचं नाव कुठल्याशा ट्रेडिंग कंपनीचं. विचारलं तर उत्तर तयार: 'परदेशात पाठवलेत तर ए-टू फॉर्म, टीसीएस, बँकेचं कमिशन. इथेच भरा, मी तिकडे वळते करतो.' पटण्यासारखं होतं. कर वाचतोय म्हटल्यावर आपल्याकडे कुणाला पटत नाही? कार्डाने पैसे घ्यायला नकार देणारा माणूस दिसला की तिथेच थांबा. कार्डावरचा व्यवहार निदान वादात टाकता येतो. आपल्या हाताने केलेलं एनईएफटी गेलं ते गेलं.

आणि आता ती पीडीएफ. ही गोष्ट अजून झोपू देत नाही. परवाना आला तेव्हा हे परवाने देणाऱ्या रवांडा डेव्हलपमेंट बोर्डाचा शिक्का, हिरवी पट्टी, गोरिलाचं चित्र, सगळं जागच्या जागी. खाली बारीक अक्षरात 'गट: १० व्यक्ती', हजेरीची वेळ सकाळी ९. एका गोरिला कुटुंबाकडे दिवसातून एकच गट जातो, जास्तीत जास्त ८ पर्यटकांचा, आणि तिथे पोहोचल्यावर एकच तास मिळतो. हे कुठल्याही माहितीपत्रकात पहिल्या पानावर असतं. आम्हालाही पाठ होतं! हजेरी सकाळी ७ ला असते, हेही. तरी १० हा आकडा डोळ्यांखालून गेला आणि 'छापताना चुकलं असेल' म्हणून सोडून दिला. चारपैकी एकाही परवान्यावर पासपोर्ट क्रमांक नव्हता. खरा परवाना नाव, पासपोर्ट आणि तारखेशी बांधलेला असतो. क्रमांक नसलेला कागद म्हणजे रंगीत प्रिंटआउट.

वेळेबद्दल शंका आली म्हणून आम्ही आपल्या मनाने लवकर निघालो. किगालीहून पार्कजवळचं मुसांझे शहर शंभरेक किलोमीटर, रस्ता उत्तम पण सगळा वळणांचा, दोन-अडीच तास धरा. पुढे किनिगीला पार्कचं मुख्यालय. परवान्यात गाडी धरलेली नसते. किनिगीहून चढाई जिथून सुरू होते तिथपर्यंतही फोर बाय फोर आपणच आणायची. ही गाडी आम्ही किगालीत वेगळी ठरवली होती, आणि तो चालक पूर्णवेळ सरळ वागला. किगालीत रस्त्यावर कुणी एक फ्रँकही जास्त उकळला नाही, हेही सांगायला हवं. लुबाडलं ते आपल्याच भाषेत बोलणाऱ्याने.

किनिगीला थंडी, कॉफीचे कप, अंगणात नाचणारे कलाकार, बाकीचे लोक चिखलापासून बचावाची गेटर नावाची आवरणं पायांना बांधतायत. टेबलावरच्या माणसाने छापील यादीवर बोट वरून खाली नेलं, मग पुन्हा खालून वर. चारही नावं नाहीत. 'आजची एक तरी जागा?' नाही. असती तरी माणशी १५०० डॉलर मोजावे लागले असते.

तिथल्या पोलिसांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, पैसे कुठल्या देशात दिले? भारतात. मग तक्रार भारतात करा. इथे आल्यावर ठाण्यात प्रश्न: घटना कुठे घडली? रवांडात. मग इथे कशी घ्यायची? हा खो-खो तीन फेऱ्या चालला. गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं स्पष्ट आहे. ते वाचून दाखवल्यावर साहेब म्हणाले, 'वकील आहात का?' मग 'हा दिवाणी मामला आहे'. मग 'पोर्टलवर टाका'. पोर्टलवर टाकलं तर ठाण्यातून फोन, मूळ कागद घेऊन या. बँक म्हणते, खातेदाराची माहिती पोलिसांनी मागितली तरच देऊ. पोलीस म्हणतात, बँकेकडून आणा. ज्या खात्यात पैसे गेले त्याचा क्रमांक, आयएफएससी, तारीख, यूटीआर, सगळं कागदावर लिहून दिलंय. आणखी काय द्यायचं, चोराचा आधार क्रमांक?

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन पहिल्या काही तासांत केला तर पैसे गोठण्याची शक्यता असते. आमचे पैसे जाऊन नऊ आठवडे झाले होते. हे ठग मुद्दाम प्रवासाच्या दोन-दोन महिने आधी पूर्ण रक्कम घेतात, ते यासाठीच.

परवाना थेट बोर्डाकडून घ्या, किंवा बोर्डाचा परवाना असलेल्या टूर कंपनीकडून. कागद हाती आला की परवाना क्रमांक आणि पासपोर्ट क्रमांक बोर्डाला मेल करून विचारा. दुसरा हप्ता त्यांचं उत्तर आल्यावर. खात्याचं नाव आणि पावतीवरचं नाव जुळत नसेल तर पहिलाही नाही.

अजून एक. 'रवांडाला यलो फीव्हरची लस लागत नाही' असंही याच माणसाने सांगितलं होतं. परतताना भारत सरकार रवांडाहून आलेल्यांकडे लस घेतल्याचं ते पिवळं कार्ड मागतं. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यायची. कार्ड नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात बसावं लागू शकतं. चौघांपैकी एकीने हट्टाने सगळ्यांना लस घ्यायला लावली म्हणून तेवढं तरी वाचलं. २०१६ पासून हे कार्ड आयुष्यभर चालतं, तेव्हा फेकू नका.

पहिल्या हप्त्याची पावती अजून आलेली नाही. त्याने 'सोमवारी पाठवतो' म्हणून सांगितलं होतं.