हाय-वेस्ट जीन्स: आठ महिने आणि चौथी सीट

फेब्रुवारीत दादरला घेतलेली हाय-वेस्ट स्ट्रेट जीन्स आठवड्यातून तीनदा तरी घालते. ट्रायल रूममध्ये उभी होते तेव्हा एकदम झकास वाटली. दुसऱ्या दिवशी डोंबिवलीहून लोकलच्या लेडीज डब्यात चौथी सीट, म्हणजे तिघींच्या बाकावरची कडेची जागा मिळाली, अर्धी टेकले, आणि वरची पट्टी थेट बरगड्यांना टेकली! डबा खाल्ल्यावर तर ऑफिसात ओढणीआड बटण उघडून बसले, खोटं कशाला बोलू.

चूक माझीच. मी फक्त कंबर बघितली, ‘राइज’ नाही. दोन्ही पायांच्या शिवणी जिथे मिळतात तिथपासून पुढच्या पट्टीपर्यंतचं हे माप. माझ्या जीन्सचं साडेअकरा इंच निघालं. माझी उंची पाच फूट एक, त्यातही धड आखूड. मला दहा पुरले असते, पट्टी बेंबीवर बसली असती. आता टेप पर्समध्येच असते आणि ट्रायल रूममध्ये मी आधी खाली बसून बघते.

दुसरी कटकट पाठीमागची. मांड्यांना नीट, पण कमरेला मागे चार बोटं फट. वाकलं की मागची बाई हसणार. पट्टा लावला तर चुण्या पडतात. गल्लीतल्या टेलरकाकांनी मागचा लेदरचा तुकडा उसवला, पट्टी मधोमध कापून दोन इंच आत घेतली, तुकडा परत शिवला. दीडशे रुपये. धागा मात्र निळा लावला, बाकीची शिवण केशरी. असो, टॉप खाली आला की दिसत नाही.

बटणाने पोटावर लाल चट्टा उठायचा. बटणाच्याच मागच्या बाजूला बिनरंगी नेलपॉलिशचे दोन हात दिले. ते उडालं की परत लावते.

पावसाळ्यात मात्र हिने रडवलं. डेनिमची चुलत बहीण डंगरी, तिचं नावच आपल्या डोंगरीवरून पडलंय, तरी या कापडाला मुंबईचा पाऊस काही मानवत नाही. पाय वाळतात, पट्टी आणि खिसे दोन दिवस दमट, वर तो कुबट वास. उलटी करून, खिसे बाहेर काढून, पट्टीला चिमटे लावून पंख्याखाली टांगायची. नवी असताना वेगळीच भिजवा: निळा रंग सुताच्या वरवरच बसलेला असतो, घासला की सुटतो. माझ्या क्रीम पर्सची एक बाजू अजून निळसर आहे.

घालायची कशी? लांब कुर्तीखाली अजिबात नको, पैसे पाण्यात. आखूड शर्ट पुढून खोचा, मागून सोडा, फटही झाकते. खालची कड घोट्याच्या वर एकदाच दुमडून कोल्हापुरी घातली की माझ्यासारखी बुटकीही उंच दिसते. दोनदा दुमडलेली आईने बघितली आणि विचारलं, “चिखल तुडवायला निघालीस का गं?”

दिवाळीत काळी घेणार आहे. दहा इंचांचीच.