डिफरन्शियलचे नवे झाकण आणि सिलिकॉन : आठ महिन्यांनंतर

जुन्या जीपच्या मागच्या डिफरन्शियलचे, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना इंजिनाची ताकद वाटून देणाऱ्या, तेल भरलेल्या गिअरच्या पेटीचे झाकण मी गेल्या ऑक्टोबरमध्ये बदलले. त्यापूर्वी गॅरेजमध्ये दोनदा पॅकिंग बदलून झाले होते, दोन्ही वेळा मजुरी आणि तेलाचे पूर्ण पैसे मोजले होते, आणि तरीही पंधरा दिवसांच्या आत अंगणातल्या चिऱ्यांवर पुन्हा काळे थेंब दिसू लागले होते. जांभा दगड तेल पितो आणि तो डाग कधीच जात नाही, म्हणून तिसऱ्यांदा पैसे देण्याऐवजी झाकण स्वतः उतरवायचे ठरवले.

आधी तेल भरण्याचा बूच सैल होतो याची खात्री केली, कारण जुने तेल काढून टाकल्यावर तो गंजून बसलेला आढळला तर गाडी जागेवरच अडकते. दहा बोल्ट काढून झाकण उलटे केले, तेव्हा गळतीचे कारण समोर आले. चिखल साचतो त्या खालच्या कडेला स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवताच तपकिरी पापुद्रा सुटला आणि त्याखाली टाचणीच्या डोक्याएवढे भोक दिसले. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत पत्रा गंजणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दोन वेळा हेच झाकण हातात घेणाऱ्याला ते दिसू नये, याचा राग मला अजून आहे. शिवाय बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळल्यामुळे भोकांभोवतीचा पत्रा आत दबला होता, आणि अशा वाकलेल्या कडेवर कागदी पॅकिंग कितीही चांगले असले तरी टिकत नाही.

नवे झाकण पत्र्याचेच घेतले. हौसिंगची, म्हणजे झाकण बसते त्या लोखंडी पेटीची, कड खरवडून, शेवटी थिनरच्या फडक्याने तेलाचा अंश राहणार नाही इतकी पुसली. कामाचा बहुतेक वेळ इथेच गेला आणि तो जायलाच हवा. कागदी पॅकिंगऐवजी ट्यूबमधून लावायच्या सिलिकॉनची साधारण तीन मिलिमीटर जाडीची अखंड रेघ बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने फिरवली, झाकण बसवले, बोल्ट समोरासमोरचे घेत हलक्या हाताने आवळले आणि तेल दुसऱ्या दिवशी भरले. हे सिलिकॉन हवेतल्या दमटपणाने घट्ट होते, त्यामुळे त्याला चोवीस तास द्यावेच लागतात. गॅरेजमध्ये तासाभरात तेल ओतून गाडी बाहेर काढली जाते. तेल जीएल-5 प्रतीचे (जास्त दाब सोसणाऱ्या गिअरसाठीचे), नव्वद नंबरचे घेतले. आतल्या क्राऊन आणि पिनियन या दोन गिअरचे दाते एकमेकांवर सरकत घासतात, तिथे स्वस्त तेल घालून पैसे वाचवणे मला पटत नाही.

तीन महिने झाकण कोरडे राहिले, आणि त्या वेळी हा अनुभव लिहिला असता तर सगळे श्रेय मी सिलिकॉनला दिले असते. जानेवारीत आंबा घाट चढून-उतरून आल्यावर झाकणाची खालची कड पुन्हा ओली दिसली. सिलिकॉन फसले असे मानून मी नवी ट्यूबही आणली होती. मात्र झाकण उघडण्यापूर्वी सगळा भाग पुसून त्यावर टाल्कम पावडर मारली आणि गाडी वीस किलोमीटर फिरवली. पावडरीवरचा ओला माग झाकणाच्या जोडातून निघालाच नव्हता. तेल पुढच्या पिनियन सीलमधून, म्हणजे इंजिनाकडून येणारा दांडा जोडला जातो तिथल्या रबरी कड्यातून, येत होते आणि हौसिंगच्या पोटावरून वाऱ्याने मागे ढकलले जाऊन झाकणाच्या कडेला जमत होते.

गाडी गरम असतानाच भरण्याचा बूच सैल केला, तेव्हा आतून फुस्स करून हवा बाहेर आली. डिफरन्शियल तापले की आतली हवा फुगते, आणि तिला वाट देण्यासाठी अॅक्सलच्या नळीवर ब्रीदर नावाची बोटाच्या पेराएवढी वस्तू असते. पावसाळ्यापूर्वी गाडीच्या पोटाला गंजरोधक काळा थर मारून घेतला होता, आणि मारणाऱ्याने तो ब्रीदर न झाकता त्यावरूनच फवारा फिरवल्याने त्याचे तोंड बुजले होते. ब्रीदर काढून थिनरमध्ये भिजवला, तोंडाने फुंकून हवा आरपार जाते हे पाहिले आणि परत बसवला. सील बदलावे लागले नाही. त्यानंतर पाच महिन्यांत एकही थेंब पडलेला नाही.

या एवढ्याशा भागाविषयी मी इतके लिहितो आहे, कारण तो बंद असला की नुकसान दोन्ही दिशांनी होते. तापल्यावर तेल सीलमधून बाहेर ढकलले जाते, आणि तापलेले डिफरन्शियल ओढ्याच्या गार पाण्यात उतरले की आतली हवा आकसून त्याच सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ होते आणि बेअरिंग गंजू लागतात. कोकणातल्या गाडीला जूनपासून हे रोजचे आहे.

झाकण आणि सिलिकॉन दोन्ही मी पुन्हा घेईन. गेल्या आठवड्यात पावसापूर्वी पुन्हा काळा थर मारून घेतला, तेव्हा ब्रीदरवर प्लास्टिकची पिशवी बांधून दिली आणि काम संपेपर्यंत गाडीजवळ उभा राहिलो.